तोंडवळा असलेला माईक

यंदा होळीच्या आतच उसाच्या वाढ्यानं भरलेले ट्रॅक्टर गेवराईच्या रस्त्यानं दिसायला लागले. ऊस तोडल्यावर शेंड्याचा जो हिरवा पाला उरतो, ते वाढं. चांगल्या वर्षी ते फडाशेजारच्या गुरांच्याच तोंडी जातं. ते ट्रॅक्टरमध्ये घालून लांब न्यायची वेळ आली, की समजायचं, कुठंतरी चारा छावणी पडणार. मी शाळेतून घरी निघाले होते. ट्रॅक्टर शेजारून गेला आणि तो कोवळा, गोडसर, जरासा आंबूस वास अंगावरून गेला. दुष्काळाला वास असतो असं म्हटलं तर लोकांना पटत नाही. चित्रात दुष्काळ म्हणजे भेगा पडलेली माती आणि वर आग ओकणारं ऊन. माझ्या आठवणीतला दुष्काळ मात्र हिरवा वास घेऊन येतो.

योगायोग असा, की त्याच संध्याकाळी प्राचीनं मोबाइलवर एका माईकचा फोटो पाठवला. प्राची माझ्या नणंदेची मुलगी. लग्नाच्या, बारशाच्या कार्यक्रमांत ती गाते. बरोबर ढोलकी आणि की-बोर्डवाले दोघं असतात. फोटोतला माईक जुन्या धाटणीचा होता. निकेलची चकाकी, मूठभर डोकं, समोर उभ्या पट्ट्यांची जाळी, जुन्या काळी रेडिओवर गाणाऱ्यांसमोर ठेवत तसला. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मामी, दिसायला भारी आहे आणि परवडतोय पण. गाण्याला चालेल का? आजीच्या त्या माईकसारखाच आहे ना?’

मी फोटो मोठा करून पाहत बसले. तसाच होता. फक्त त्याच्यावर धूळ नव्हती.

तिच्या आजीचा तो माईक आला, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा पुण्याला कंपनीत होता आणि मी नेकनूरच्या बाजूला सासरी राहून शिक्षिकेच्या नोकरीची वाट पाहत होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. आमच्या गावच्या दूध संस्थेनं गावापासून लांबच्या माळावर छावणी उघडली. घर आणि पाण्याची पाळी सांभाळायला सासरे मागं राहिले आणि आम्ही दोघी, म्हणजे सासूबाई आणि मी, तीन जनावरं आणि एक वगार, म्हणजे म्हशीचं पारडू, घेऊन छावणीत राहायला गेलो. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणायचं, सासूला आत्याबाई. आत्याबाईंचं नाव कौसाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बोलणं कमी आणि आवाज भरड. जात्यातून डाळ निघावी तसा.

छावणी म्हणजे एक गावच होतं, पण उलटं वसवलेलं. गावात माणसांच्या घरामागं गोठा असतो. इथं गोठ्यामागं माणसं. दावणीच्या रांगा, वर हिरवी जाळी, प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, आणि दावणीच्या टोकाला ताडपत्रीखाली आपला संसार. तीन दगडांची चूल, एक पिंप, एक गोधडी. सकाळी जनावरांची मोजणी, मग चारा, मग टँकर. संस्थेचे सचिव दगडूभाऊ कर्ण्यावरून पुकारा करायचे. त्यांचा माईक इतका जुनाट होता, की त्यातून येणारे सगळे शब्द एकसारखेच ऐकू यायचे. खर्रर्र, मग काहीतरी, मग पुन्हा खर्रर्र. ‘चारा’ आणि ‘टँकर’ यातला फरक कळायचा नाही. एकदा पेंड वाटायला बोलावलं तर अर्धी छावणी घागरी घेऊन धावली. परत फिरताना बायका एकमेकींकडं बघून हसत होत्या, पण ते हसू काही फार सुखाचं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मला आत्याबाई नव्यानं कळायला लागल्या. घरी असताना त्यांचं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. छावणीत, पहाटेची धार काढताना, त्या गुणगुणायच्या. आधी मला वाटलं, दूर कुठं जनरेटर चालू आहे. मग शब्द कळायला लागले. शब्द त्यांचेच होते, जुळवलेले, त्या दिवसांतले.

टँकर ग आला, धुरळा येशीवर
घागरीच्या आधी पोचली माझी नजर

मी विचारलं, हे घरी का म्हणत नव्हता? त्यांनी म्हशीच्या आचळावरून हात न काढताच सांगितलं. लहानपणी हळदीच्या गाण्याला बसल्या, की थोरल्या बाया त्यांना मागं सरकवायच्या. पोरीचा आवाज बाप्यासारखा, बाकीच्यांचा बुडवतो, म्हणायच्या. मग त्या मागं बसून नुसत्या टाळ्या वाजवायच्या. सासरी आल्यावर तर टाळ्यासुद्धा सुटल्या. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. अमुक साली अमुक विहीर आटली असं सांगावं तसं सांगितलं.

दावणीतल्या बायकांच्या कानावर ते गाणं गेल्याशिवाय कसं राहील? दुपारी जनावरं रवंथ करत बसली, की आमच्या ताडपत्रीखाली बायका जमायला लागल्या. एकीनं विषय काढायचा, आत्याबाईंनी ओवी जुळवायची. पेंडीवर, मुकादमावर, सुनेवर, आभाळावर. आणि तिथंच ठरलं, की आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, छावणीत बायकांच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा. मोकळ्या माळावर, शेकडो जनावरांच्या मधोमध, आवाज पोचवायचा तर माईक लागणार. दगडूभाऊंच्या माईकवर आत्याबाईंना एकदा उभं करून पाहिलं. त्यांचा खालचा सूर त्यात शिरला आणि बाहेर आली ती नुसती गुरगुर. त्या लगेच बाजूला झाल्या. “न्हाई बाई, मी आपली मागंच बरी,” एवढंच म्हणाल्या.

तसाही पुकाऱ्यासाठी संस्थेला नवा माईक घ्यायचाच होता. बायकांनी चेअरमनना गाठून गळ घातली, की घेताय तर गाण्यालाही चालेल असा घ्या. चेअरमन हसले, पण हो म्हणाले. दगडूभाऊंबरोबर मला पाठवायचं ठरलं, कारण मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायलेली होते. मी म्हटलं, आवाज आत्याबाईंचा, तर त्यांनाच न्यायला पाहिजे. चप्पल विकत घेताना पाय घरी ठेवून कसं चालेल?

एसटीनं आम्ही बीडला गेलो. बाजाराच्या तोंडाशी रेडिओ-स्पीकरचं एक जुनं दुकान होतं. मालक लिंगायत समाजातले, कपाळावर विभूती, बोलणं मवाळ. सगळे त्यांना अप्पा म्हणत. लग्नसराई दुष्काळात बुडाली होती, त्यामुळं दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि अप्पांना वेळच वेळ होता. त्यांनी आधी माईक दाखवलेच नाहीत. आधी विचारलं, कोण बोलणार, कोण गाणार, कुठं, वर छप्पर आहे का, वारा किती, वीज कुठून येते. दगडूभाऊ जरा अस्वस्थ झाले. त्यांना वस्तू बघायची होती. अप्पा माणसं बघत होते.

मग त्यांनी काचेवर एकेक माईक मांडला. पहिला काळा, गोल जाळीच्या डोक्याचा, हातात धरायचा, सगळीकडं दिसतो तसा आणि सगळ्यांत स्वस्त. दुसरा बिनवायरचा. दगडूभाऊंनी तो लगेच हातात घेतला आणि दुकानात चार पावलं चालून पाहिलं. दावणीतून फिरत फिरत पुकारा करता येईल, हे त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलेलं मला दिसत होतं. अप्पांनी मात्र स्वतःच सांगितलं, की त्याला सेल लागतात, ते नेमके बोलताना संपतात, आणि उघड्या माळावर तो कधी कुणाचं ऐकेल, कधी ऐकणार नाही. आपल्याच दुकानातली महाग वस्तू घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता.

आत्याबाई ह्या दोन्हींकडं बघतच नव्हत्या. वरच्या फळीवर काचेआड दोन माईक होते. चकचकीत, पट्ट्यापट्ट्यांच्या तोंडाचे, मानेत वाकणारे. त्यांनी बोट दाखवून विचारलं, “त्ये काय हाय?”

“जुन्या जमान्याची नक्कल हाय, मावशी,” अप्पा म्हणाले. “हॉटेलवाले शोभेला नेतात.”

दगडूभाऊ म्हणाले, शोभेचं आपल्याला काय करायचंय? पण अप्पांनी काढून दाखवले. दोन्ही बाहेरून भावाभावांसारखे. एक हातात घेतला तर हलका, टिचकी मारली की डब्यासारखा वाजायचा. दुसरा जड, टिचकी मारली तर नुसता ठप्प. किंमतही त्या मानानं थोडी जास्त, पण बिनवायरच्यापेक्षा पुष्कळच कमी. अप्पांनी स्क्रू काढून दोन्हींची पोटं उघडून दाखवली. हलक्याच्या आत पोकळी आणि एका कोपऱ्यात चिकटवलेलं बोटाच्या पेराएवढं काहीतरी. जडाच्या आत स्पंजाची गादी, आणि त्या गादीत बसवलेली रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी एक गोल डबी. तिच्यात पातळ पडदा असतो, आवाज लागला की तो हलतो, बाकी सगळं विजेचं काम, असं त्यांनी समजावलं.

आत्याबाई वाकून पाहत होत्या. नंतर म्हणाल्या, “एवढ्याशाला एवढं मोठं घर कावून?”

हा प्रश्न माझ्या मनातून पुढं कित्येक वर्षं गेला नाही. अप्पा म्हणाले, घर शोभेसाठी मोठं असतं हे अर्धं खरं. पण घर भक्कम असलं, आत गादी असली, तर बाहेरचा धक्का, खडखड आतल्या जीवाला लागत नाही. पोकळ घरात तोच आवाज घुमत राहतो. आत्याबाईंनी मान डोलवली. माणसांच्या घरांबद्दल बोलणं चालू असावं तशी.

मग अप्पांनी एक गंमत केली. मला म्हणाले, ताई, तुम्ही रस्त्यापलीकडं जाऊन उभ्या राहा, पाठ करून. स्पीकर दुकानाच्या दारात लावतो. एकामागून एक माईक बदलतो. कुठला कोणता ते सांगणार नाही, तुम्ही फक्त शब्द किती कळले ते सांगा. मी पलीकडं, रसवंतीच्या गाड्याशेजारी जाऊन उभी राहिले. रिक्षा, हॉर्न, गाड्याच्या चरकाची घुंगरं. आधी दगडूभाऊ बोलले. पहिल्यात त्यांचा आवाज स्वच्छ पण टोकदार होता. ‘टँकर’मधला ट कानात टोचला. दुसरा मधेच विरला. तिसऱ्यात शब्द डब्यात पडल्यासारखे. चौथ्यात ते म्हणाले, “तीन नंबर दावणीसाठी टँकर आला आहे,” आणि रसवंतीवाल्यानं हातातला ऊस थांबवून मला विचारलं, “कुठं आलाय हो टँकर?”

दगडूभाऊंचा विरोध तिथं अर्धा संपला.

मग आत्याबाई. त्यांना दुकानात गाता येईना. काय बोलू, काय बोलू, असं दोनदा ऐकू आलं. मग त्यांनी आपल्या जनावरांना हाक मारली. चांदे, मुऱ्हे, काळे, आन् तुझं वगारू. प्रत्येक माईकवर त्याच चार हाका. पहिल्या, म्हणजे काळ्या माईकवर त्यांचा आवाज छातीतून निघून नाकाशीच थांबल्यासारखा वाटला. आणि मधूनच तो दूर जायचा. माझ्या नंतर लक्षात आलं, की हातातला माईक त्या प्रत्येक हाकेला जनावराच्या दिशेनं पुढं करत होत्या. हाक मारताना आपण हात करतो तसा. चौथ्या वेळी मात्र आवाज हलला नाही. तो रस्ता ओलांडून सरळ आला आणि माझ्या पाठीला टेकला. शब्दाच्या आधीचा श्वाससुद्धा आला. मी पाठ करून उभी होते, तरी मला वाटलं, त्या माझ्या मागंच येऊन उभ्या राहिल्यात.

मी परत आले तेव्हा आत्याबाई त्या जड माईकसमोर उभ्या होत्या. तो उभ्या दांड्यावर लावलेला होता, हात मोकळे. मी विचारलं, हा कसा वाटतो? त्या म्हणाल्या, “ह्याला तोंडवळा हाय. काळा त्यो नुसता दांडका. दांडक्याशी काय बोलावं?”

अप्पांनी हसून दुरुस्ती केली, की माईक म्हणजे तोंड नव्हे, कान. आणि हा कान फक्त समोरून ऐकतो, पाठीमागून बहिरा. म्हणून कर्णा नेहमी त्याच्या पाठीकडं ठेवायचा. समोर ठेवला तर कर्ण्यातून निघालेला आवाज तो पुन्हा ऐकतो, पुन्हा पाठवतो, आणि शिट्टी वाजते. आत्याबाई म्हणाल्या, “म्हंजी आपलंच आपण ऐकत बसला, की किंचाळतो.” अप्पांनी हे वाक्य पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

अजून एक गोष्ट त्यांनी शिकवली. खालच्या सुराचा आवाज माईकच्या अगदी जवळ गेला, की आणखी जाड होतो, गुरगुरतो. दगडूभाऊंच्या माईकचं दुखणं अर्धं हेच होतं. एक वीत सोडायची. आत्याबाईंनी हाताची वीत माईकपासून ओठापर्यंत लावून पाहिली. मग अप्पांनी त्यांच्या हाका मोबाइलवर टिपल्या आणि स्पीकरवर लावल्या. आपला आवाज बाहेरून ऐकायची त्यांची ती पहिली वेळ. त्या स्पीकरकडं पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, आनंदही नव्हता. कुतूहल होतं. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं आणि नाव आठवू नये तसं.

“ह्यो माझा आवाज न्हाई,” त्या म्हणाल्या. “ही आमची आई हाय.”

त्यांची आई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेली. अप्पांनी न विचारता ते पुन्हा लावलं.

ह्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला. आपला आवाज आपण हाडांमधून ऐकतो, म्हणून आपल्याला तो वेगळा वाटतो, हे मी नंतर विज्ञानाच्या पुस्तकातून मुलांना शिकवलं. पण शिकवताना दर वर्षी मला ते दुकान दिसतं. सगळ्या जगाला ऐकू येणारा आपला आवाज आपल्या एकट्यालाच ठाऊक नसतो. लोक त्याला बाप्यासारखा म्हणतात, आपल्याला मागं सरकवतात, आणि आपण मानतो. कारण आपल्याकडं तपासून बघायला काहीच नसतं.

दगडूभाऊंची उरलेली हरकत वेगळी होती आणि तिच्यात तथ्य होतं. ते म्हणाले, वहिनी, दुष्काळात संस्थेनं चांदीसारखा चकाकणारा माईक आणला, असं लोक म्हणतील. लोकांची जनावरं छावणीत आणि ह्यांना सोंगं सुचतात. दुष्काळात काय शोभतं आणि काय नाही, ह्याची यादी कुणी केलेली नसते, तरी ती प्रत्येकाला पाठ असते. हसू मोठ्यानं नको, लुगडं नवं नको, रंग भडक नको. शेवटी ते आत्याबाईंनाच म्हणाले, काकू, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, काळा घेतला तर काय पाऊस पडणार हाय का? दगडूभाऊंनी तो जड माईक बांधायला सांगितला.

परतीच्या एसटीत तो आत्याबाईंच्या मांडीवर होता.

छावणीत दोन दिवस माणसं त्याला बघायला येत होती. म्हातारी माणसं जाळीच्या पट्ट्यांतून आत डोकावायची. एकानं बोट लावून बघितलं आणि आपल्याच टिचकीचा आवाज माळभर घुमला तसा तो दोन पावलं मागं सरला. टीकाही झाली, एक-दोघं बोलले. पण पुकारा कळायला लागला. चाऱ्याला बोलावलं की चाऱ्यालाच माणसं यायची. ज्या गोष्टीवाचून चालतं असं आपण वर्षानुवर्षं समजतो, ती मिळाल्यावरच कळतं की तिच्यावाचून चाललेलं नव्हतंच.

आखितीला ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. दोन बैलगाड्या जोडून मंच केला होता. मामा गावाकडून आमरसाला चार आंबे आणि भाकऱ्या घेऊन आले होते. शेवटच्या गाडीनं परत जायचं म्हणून ते मागंच, टँकरच्या सावलीत उभे राहिले. तिथून त्यांना मंच दिसत नव्हता, मधे माणसं होती. मी त्यांना पाणी द्यायला गेले आणि तिथंच टँकरच्या पायरीवर चढून पाहायला लागले. आधी दोघी-तिघी गौळणी म्हणून गेल्या. मग आत्याबाई.

त्या चढल्या, वीत लावली, हात मागं घेतला. पहिलीच ओवी सुरू झाली आणि माळावर वारा सुटला. धुरळ्याचा एक लोट आला आणि माईक घोंगावायला लागला, शब्द बुडाले. मला वाटलं, आता ह्या खाली उतरणार. त्यांनी वाऱ्याकडं पाठ केली, डोईवरचा पदर सोडवला आणि त्याचं टोक त्या माईकच्या डोक्यावरून घेतलं. लेकराला ऊन लागू नये म्हणून घेतात तसं. घोंगावणं थांबलं. पातळ सुती पदराआडून आवाज आला, तो आधीपेक्षाही मऊ. डोईवर पदर नसलेल्या आत्याबाई मी पहिल्यांदा पाहिल्या. अर्धे केस पांढरे होते.

मामा खाली माझ्या शेजारीच उभे होते. बराच वेळ ऐकून त्यांनी मला विचारलं, “कोण म्हणतंय गं हे?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, “मामा, आत्याबाई हाएत.”

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग गर्दीतून वाट काढत पुढं गेले आणि मंचासमोर, बायकांच्या मागं, मातीत बसले. शेवटची एसटी निघून गेली. त्या रात्री ते छावणीतच राहिले.

प्राचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे घेऊ ना तसलाच? मी म्हटलं, फोटोवरून नको. फोटोतला माईक मुका असतो. आधी हातात घे, वजन बघ, टिचकी मार. पोकळ वाजला तर कितीही देखणा असो, सोडून दे. दांड्यावर लावायचाय की हातात धरून नाचायचंय ते ठरव. मैत्रिणीला रस्त्यापलीकडं पाठ करून उभी कर आणि गा. ती एका रविवारी बीडला गेली. अप्पांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. संध्याकाळी तिचा फोन आला, जरा ओशाळलेला. तिनं साधा काळा घेतला होता. तिचा आवाज बारीक, उंच, ती गाताना एका जागी ठरत नाही. चकचकीत माईकमध्ये तो दबून येत होता आणि काळ्यात खुलला. आत्याबाईंचा आवाज नाकाशीच अडवणारा माईक नातीचा आवाज फुलवत होता. मला आनंद झाला. वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कुणासाठी, हे त्याला जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

छावणीच्या त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला. छावणी मोडली. खुंट्यांचे खड्डे, चुलींचे काळे दगड आणि शेणाचा जाड थर एवढंच माळावर उरलं. पुढं तिथं गवत असं माजलं, की जनावरांना मुद्दाम चारायला न्यायचो. माईक संस्थेच्या कपाटात गेला. वर्षाच्या सर्वसाधारण सभेला तो बाहेर निघाला आणि दगडूभाऊ घरी येऊन सांगून गेले, की काकूंनी स्वागतगीत म्हणावं. दूध घालणाऱ्या घरांतल्या बायकाही ह्या खेपेला ऐकायला आल्या होत्या, पण बाहेर ओट्यावर. आत सभासद होते, सगळे पुरुष. मामाही त्यांत.

आत्याबाईंनी गीत म्हटलं. टाळ्या झाल्या. चेअरमन पुढचा विषय घ्यायला उठले, पण आत्याबाई माईकसमोरून हलल्या नव्हत्या. मला वाटलं, विसरल्या. त्यांनी घसा साफ केला आणि बोलत्या आवाजात, गाण्यातला एक थेंबही न घालता, विचारलं.

“छावणीत समदं ऊन आमी काढलं. धारा आमीच काढतो. मग सभासदात एकीचंबी नाव कावून न्हाई?”

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवायची गरजच नव्हती. एक वीत अंतरावरून तो शेवटच्या भिंतीपर्यंत जात होता. आत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, गाणं झालं ना, आता उतरा. चेअरमन म्हणाले, काकू, सभासद घरधनी असतात, तशी पद्धत आहे, तुमच्या घरचे आहेतच की. आणि सगळ्यांनी मामांकडं पाहिलं.

मामा उठले. ते काहीतरी म्हणाले, पण ते त्यांच्या ओठांतच राहिलं. मागून ओरडा झाला, ऐकू येत नाही. तेव्हा आत्याबाईंनी माईकची मान वळवून त्याचं तोंड मामांच्या दिशेला केलं आणि स्वतः बाजूला झाल्या. मामा पुढं आले. इतक्या जवळ आले, की मला भीती वाटली, आता माईक गुरगुरणार. त्यांनी टोपी काढली, घातली, आणि म्हणाले, “ती म्हणती ते खरं हाय.”

एवढंच. खाली जाऊन बसले.

बायकांची नावं सभासदांत लागायला पुढं दोन वर्षं गेली. ठराव, हरकती, पुन्हा ठराव. पण मला सारखी आठवते ती तीच दुपार. कारण मामा बसले आणि बाहेरच्या ओट्यावरून एक बाई उठून आत आली, माईकसमोर उभी राहिली आणि आपलं नाव सांगितलं. तिच्यामागं दुसरी आली. चेअरमन विषयपत्रिका हातात धरून उभेच होते. रांग दारातून बाहेर गेली, ओटा उतरली. दगडूभाऊ कडेला उभं राहून प्रत्येकीच्या उंचीप्रमाणं दांडा खाली-वर करत होते. सभेनंतर वाटायचा चहा त्या दिवशी पुन्हा पुन्हा गरम करावा लागला.